जुनी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) घेताय: विनेबॅगो की फॉरेस्ट रिव्हर? मदत हवी आहे

भटकंती_जर्सी: आम्ही सहा जण, आई-बाबा धरून. क्लास सी मोटरहोम, म्हणजे व्हॅनच्या चासीवर बांधलेलं फिरतं घर, घ्यायचंय. 2015 ची विनेबॅगो आणि 2017 ची फॉरेस्ट रिव्हर बघून ठेवलीय, दोन्ही फोर्ड ई-450 वर. पहिलीच्या छतावर नवा सीलंट दिसतो. दुसरी आतून चकाचक, पण किंचित कुबट वास येतो. ब्रँडला किती महत्त्व द्यावं?

चाक_आणि_चूल: इंजिन-चासी दोन्हीकडे फोर्डचीच, म्हणजे ब्रँडचा फरक फक्त वरच्या घरापुरता. त्यातही एकाच कंपनीची स्वस्त-महाग मॉडेलं असतात. खरा शत्रू पाणी. कुबट वास आला की आधी पाणी मुरलंय असंच धरून चाला. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झोपायच्या बंकचे कोपरे अंगठ्याने दाबून बघा, तिथेच सगळ्यात आधी गळतं. बाहेरच्या भिंतीवर टॉर्च तिरका धरा. फुगवटा किंवा लाट दिसली तर फायबरग्लास आतल्या प्लायपासून सुटलंय, त्याची दुरुस्ती परवडत नाही, गाडी सोडा. ओलावा मोजायचा मीटर नेलात तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका, त्याच गाडीच्या नक्की कोरड्या भिंतीशी ताडून बघा. विनेबॅगोवाल्याला सीलंट का मारला ते विचारा. साधं सिलिकॉन फासलेलं असेल तर वाईट, त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही.

जेवढं_वजन_तेवढं: सहा जण म्हणताय, तर आधी सीटबेल्ट मोजा. मग पिवळं स्टिकर वाचा: माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर असतं. टाकीतलं पाणीही त्यातच धरायचं, 40 गॅलन म्हणजे सुमारे 330 पौंड.

टायरवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. सात वर्षांवर गेले असतील तर नक्षी कितीही चांगली असो, सहा टायरचा खर्च भावातून वजा करा.

गॅसवरचा फ्रिज असेल तर आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा, तो गार व्हायला तासन्‌तास लागतात. बाहेरच्या जाळीमागे पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास आला तर कूलिंग युनिट गेलं. जनरेटर एसीचा भार टाकून अर्धा तास चालवा. पाण्याचा पंप लावा, नळ बंद करा. थोड्या थोड्या वेळाने आपोआप घुरघुरला तर कुठेतरी गळतंय. न्यू जर्सीच्या थंडीत पाइप फुटतात, म्हणून "विंटराइज केलीय (थंडीसाठी पाणी काढून ठेवलंय), पाणी भरता येणार नाही" असं म्हणाले तर वसंतात पाणी भरून बघेपर्यंत पैसे देऊ नका.

भटकंती_जर्सी: धन्यवाद. फॉरेस्ट रिव्हरचा बंक दाबून बघतो, मऊ लागला तर तिथेच विषय संपला.