लॉनमध्ये पिवळे चट्टे, पाणी देऊनही हटत नाहीत

प्रश्न: लॉनमध्ये हातभर रुंदीचे चट्टे पडलेत. पाणी रोज. कीड की बुरशी, कसं ओळखायचं?

हिरवळवेडा: चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं सुटून आलं तर मुळं खाल्ली गेलीत, म्हणजे हुमणी. खात्रीसाठी ३० × ३० सेंमीचा तुकडा १० सेंमी खोल उकरा. पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली अळी दिसेल. एक-दोन असतील तर सोडून द्या, निरोगी गवत तेवढं सोसतं. दहाच्या आसपास निघाल्या तर मात्र उपाय हवा.

मातीतलामाणूस: आणि साबणपाणी ओतलं की हुमणी वर येते, हा गैरसमज फार आहे; ती येत नाही. त्या पाण्याने (४ लिटरला २ मोठे चमचे भांड्यांचा द्रव साबण) पाती कुरतडणाऱ्या अळ्या दहाएक मिनिटांत वर येतात. हुमणीसाठी कीडभक्षी सूत्रकृमी (किडी मारणारे सूक्ष्म जंत) किंवा मेटारायझियम (किडी मारणारी बुरशी). सूत्रकृमी संध्याकाळीच, ओल्या मातीवर, आणि नंतर लगेच पाणी. उन्हात टाकले तर मरतात, मग लोक म्हणतात औषध खोटं.

प्रश्नकर्ता: गवत ओढून सुटत नाही. शेजारच्या गुलाबाची पानंही फिकट झालीत.

हिरवळवेडा: गुलाबाचं वेगळं. पानाखाली पांढरा कागद धरून झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवसांआड. सरसकट कीटकनाशक नको, कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात. लॉनवर साबणपाण्याची चाचणी करा, काय निघतं ते कळवा.