ॲप की माणूस?

‘कॉलेजात समुपदेशक नेमा, ॲपनं कुणाचा ताण जात नाही’ हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत तयार झालेला ‘मूडजिम’, म्हणजे उदासी नि चिंतेवर स्वतःच करायचे ऑनलाइन धडे, २००१ मध्येच सुरू झाला. पद्धत साधी: ‘विषय राहिला म्हणजे सगळं संपलं’ असं मनात आलं की ते लिहायचं, त्याला पुरावा काय ते तपासायचं, मग त्याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनं पाहायचं. थोडक्यात गृहपाठ, आणि तिथेच घोडं अडतं. पोरं दोन धडे करतात नि गायब होतात. (मीही झालो होतो.) आठवड्यातून एकदा कुणी खऱ्या माणसानं ‘कुठवर आलं?’ एवढं विचारलं तरी टिकणारे वाढतात.

पण होस्टेलच्या तिघांच्या खोलीत राहून पाहा. फोनवर रडायला जागा कुठे? जिन्यात? म्हणून लिहून बोलता येणं मला मोठी सोय वाटते. टिसची (टाटा समाजविज्ञान संस्थेची) ‘आयकॉल’ सेवा ईमेलवरही समुपदेशन करते. आणि बोलायला जागा मिळालीच तर मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन-हेल्पलाइन ‘टेलिमानस’ (१४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, मोफत आणि मराठीतही. ‘ॲन्झायटी’ म्हणता आलं नाही तरी ‘छातीत धडधडतं, घास उतरत नाही’ एवढं सांगता येतं.

जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर मात्र धडे सोडवत बसू नये. थेट १४४१६ ला फोन लावावा, खोलीतल्या मित्राला शेजारी बसवून.