मदत हवी आहे: उजवा पाय गुडघ्याखाली नाही, डावा ॲक्सिलरेटर घ्यावा की हँड कंट्रोल?

मेहुण्यांना पुन्हा गाडी चालवायची आहे. गाडी ऑटोमॅटिक, नोंदणी पुण्याची. कृत्रिम पावलाला पेडलवरचा दाब कळत नाही, बुटाचं टोकही ब्रेकखाली अडकू शकतं. त्यामुळे उजव्या पायाने चालवायचं नाही हे पक्कं.

डावीकडे ॲक्सिलरेटर बसवला तर मूळ पेडलवर पक्कं झाकण हवंच, नाहीतर कृत्रिम पाऊल नकळत त्यावर दाबलं जातं. नवा पेडल वर दुमडणारा असेल तर ताईलाही गाडी चालवता येईल. काळजी वाटते ती घाईच्या ब्रेकची: इतकी वर्षं क्लचच दाबलेला डावा पाय ॲक्सिलरेटरवरच जोर देईल. सरावाला किती वेळ द्यावा?

हँड कंट्रोलमध्ये दांडा ढकलला की ब्रेक, ओढला की ॲक्सिलरेटर. पण मग स्टिअरिंग एकाच हातावर, म्हणजे नॉब (एका हाताने स्टिअरिंग फिरवायची मूठ) आला. दांडा गुडघ्याला लागतो का? दांड्याच्या सांध्यांचे बोल्ट ढिले होतात का?

आरटीओत आधी काय करायचं, आरसीवर फेरफाराची नोंद की लायसन्समध्ये बदल? किटसोबत एआरएआयचं (वाहनं तपासणारी संस्था) प्रमाणपत्र मागतात का? विमा कंपनीला कळवणार आहोतच. ज्यांनी स्वतः बसवून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.