संमतीपत्रावर सही करण्याआधी

‘रोगनिदान एआयच करणार असेल तर एआयच्या वैद्यकीय अभ्यासात भाग का घ्यायचा?’ ही शंका रास्त आहे. पण एआय दरवेळी एकटंच निर्णय देत नाही. स्वीडनमधली मासाई चाचणी घ्या. ८०,००० हून जास्त स्त्रियांची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, झाली. एका गटात नेहमीप्रमाणे दोन रेडिओलॉजिस्टनी (प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टरांनी) प्रतिमा तपासल्या. दुसऱ्या गटात एआयने जोखीम ठरवली, कमी जोखमीच्या प्रतिमा एका डॉक्टरने आणि जास्त जोखमीच्या दोघांनी पाहिल्या. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत एआयच्या गटात दर हजारी ५ ऐवजी ६ कर्करोग सापडले, आणि प्रतिमा वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं. माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे.

तरीही सही करण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारा. एक, एआयला काही संशयास्पद दिसलं तर ते तुम्हाला कळवणार का? काही अभ्यासांत कळवत नाहीत! दुसरं, मधेच माघार घेतली तर माहितीचं काय? माघारीचा हक्क आहेच, पण तुमच्या प्रतिमेवर मॉडेल आधीच शिकलं असेल तर ते सहसा पुसता येत नाही. हे तोंडी नको, लेखी मागा.

शक्य असेल तर भाग घ्याच. ज्यांच्या प्रतिमा प्रशिक्षणात नसतात, त्यांच्याच बाबतीत एआय चुकण्याचा धोका जास्त.