घरच्या घरी ब्लीच आणि डोक्यावर पट्टे: तुमचं काय झालं, कसं निस्तरलं?

तिखटमीठ:
धागा काढायला निमित्त माझंच डोकं. मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. पंधरा दिवस आधी मला हुक्की आली की केस कॉपर ब्राऊन करायचे, आणि पार्लरचे पैसे वाचवायचे. ब्लीच पावडर आणली, ३० व्हॉल्यूमचा डेव्हलपर (ब्लीच पावडरीत कालवायचं पेरॉक्साइड) आणला, नवऱ्याच्या जुन्या बनियनचा टॉवेल केला आणि मेंदी लावतात तशी मुळापासून सुरुवात केली. पाऊण तासाने धुतलं. मुळाशी दोन बोटं पिवळंजर्द, त्याखाली झेंडू, टोकं विटकरी. मागे हात पोचला नव्हता तिथे बिबट्याचे ठिपके. लेक म्हणाला, "आई, तू सिग्नल दिसतेयस."

इथवर ठीक होतं. खरा घोळ पुढे. त्याच रात्री दहाला कोपऱ्यावरून अॅश ब्राऊनचं, म्हणजे राखाडी झाकेच्या ब्राऊनचं, पाकीट आणून सगळ्या डोक्याला सरसकट थापलं. पिवळं होतं ते शेवाळी झालं, नारिंगी होतं ते चिखल.

तुमचेही अनुभव लिहा. काय लावलं, कसं निस्तरलं, किती दिवस लागले. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

अण्णू:
पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? चार वर्षं दर महिन्याला पाकिटातली काळी मेंदी लावत होतो. मग पोरांच्या नादाने पुढच्या केसांना ब्लीच. दहाव्या मिनिटाला फॉइलला हात लावला तर चक्क गरम! घाबरून नळाखाली डोकं घातलं. बट ओढली तर ओल्या रबरासारखी लांबली आणि तुटली. नंतर न्हाव्याने विचारलं, "साहेब, आधी काय काय लावलंय ते कुणाला सांगितलं होतं का?" अशा काही पावडरींत धातूंचे क्षार असतात, त्यांची आणि पेरॉक्साइडची गाठ पडली की असं तापतं. माझ्याकडे दुरुस्ती एकच होती, मशिन. चार नंबर.

राईनकाठ:
जर्मनीत होस्टेलच्या बाथरूममध्ये केला हा उद्योग. केस नारिंगी झाले म्हणून जांभळा शॅम्पू तासभर ठेवून बसले. नारिंगी तस्सं, आणि जी टोकं आधीच फिक्की पिवळी होती ती लव्हेंडर. आठवडाभर कॉलवर कॅमेरा बंद. शेवटी कोंड्याच्या शॅम्पूने चार-पाच वेळा धुतल्यावर जांभळेपणा उतरला. नारिंगी उतरवायला निळा लागतो, जांभळा फक्त पिवळ्यावर चालतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

पार्लरवाली ताई:
रात्री अकराला फोटो पाठवून "ताई, उद्या सकाळी साखरपुडा आहे" म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी एकदाच लिहिते.

टाळूला ऊब असते. तिथे ब्लीच भराभर चढतं, म्हणून मुळं आधी उजळतात. आधी मधली लांबी आणि टोकं घ्यायची, टाळूलगतचा अर्धा-पाऊण इंच शेवटी. पातळ बटा काढा. ब्लीच चोपून भरलं पाहिजे, वाळलं की काम थांबतं. आणि घरी ३० व्हॉल्यूम कशाला? ते ९ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६ टक्के. आपल्या काळ्या केसांतून आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा दिसणारच, ती पायरी कुणालाच चुकत नाही.

पट्टे पडले तर सगळ्या डोक्याला पुन्हा काही लावायचं नाही. फिकट झालंय तेवढंच गडद करून बाकीच्याशी जुळवा. गडद राहिलंय ते उजळायला जाल तर शेजारचे केस दुसऱ्यांदा जळतात. पिवळ्या केसांवर थेट अॅश लावला की हिरवट झाक येणारच. ब्लीचने जो तांबूसपणा काढून नेला तो आधी परत द्यायचा, कॉपर किंवा गोल्डन शेडने, आणि मग ब्राऊन. तोही हवा त्यापेक्षा एक शेड फिका, कारण सच्छिद्र झालेले केस रंग अधाशासारखा पितात. आधी मानेमागची एक बट रंगवून बघा. ती फसली तर कुणाला दिसत नाही.

अण्णू:
ताई, मानेमागे माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.

कांदेपोहे:
पट्ट्यांचं सोडा, माझे डोळे सुजून बंद झाले होते. पीपीडीची, म्हणजे केसांच्या गडद रंगांत असणाऱ्या रसायनाची, अॅलर्जी. कानामागे थेंब लावून ४८ तास थांबा असं खोक्यावर लिहिलेलं असतं. मी खोकं आधीच कचऱ्यात टाकलं होतं.

तिखटमीठ:
ताई, आमच्या इथल्या पार्लरवालीने अगदी हेच केलं. पण आठ दिवस थांबायला लावलं, तोवर नुसतं तेल आणि कंडिशनर. ते आठ दिवस मी भाजीलासुद्धा ओढणी गुंडाळून जात होते. मग हिरव्या मुळांवर आधी कॉपर, त्यावर लाइट ब्राऊन. टोकांना हातही लावला नाही. पुढून केस एकसारखे दिसायला लागले. मागचे ठिपके लग्नात अंबाडा आणि दोन पदरी गजऱ्याखाली झाकले. पाठमोरा एकच फोटो आलाय, तो मी ग्रुपवरून काढायला लावला.

कोरडी टोकं गेल्या आठवड्यात तीन इंच कापली. महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर केस वाढतात म्हणे, म्हणजे ते परत यायला सात-आठ महिने.

उरलेली अर्धी ब्लीच पावडर बाथरूमच्या कपाटात आहे. कुणाला हवीय?