छोट्या समूहांतही वायू सुटतो
दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची आणि वायूची विश्वं, भोवतीच्या विरळ वायूतून धावतात तेव्हा त्यांच्यावर समोरून वाऱ्यासारखा दाब येतो आणि त्यांचा स्वतःचा वायू हिसकावला जातो. हे घडतं ते फक्त कन्या गुच्छासारख्या, दीर्घिकांच्या मोठ्या गुच्छांत, असं म्हणतात. मला ते पटत नाही. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये मांडलेला हिशेब असा: दाब म्हणजे बाहेरच्या वायूची घनता गुणिले दीर्घिकेच्या वेगाचा वर्ग. समूहात, म्हणजे मोजक्या दीर्घिकांच्या छोट्या जथ्यात, दोन्ही कमी, त्यामुळे दाबही बराच कमी, हे खरं. पण दीर्घिकेची स्वतःची पकड किती, तेही बघायला हवं ना! एम 81 समूहातली होल्मबर्ग 2 ही बटू दीर्घिका घ्या. गुरुत्वाकर्षण दुबळं, तिचा हायड्रोजन एका बाजूला दाबलेला, दुसरीकडे लांबवर पसरलेला दिसतो.

एनजीसी 2276 तर चांगली मोठी सर्पिल, तरी तिची एक कड धनुष्यासारखी चेपलेली आहे. तिच्या समूहातला तप्त वायू रोसॅट उपग्रहाने क्ष-किरणांत टिपला होता. अर्थात, शेजारच्या एनजीसी 2300 च्या ओढीचाही यात हात असू शकतो.

ओळखायची एक खूण: हा वारा वायूला ढकलतो, ताऱ्यांना नाही, शेजारणीची ओढ मात्र दोघांनाही खेचते. खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींनी 21 सेंमी तरंगलांबीवर केलेले हायड्रोजनचे नकाशे मला म्हणूनच फार मोलाचे वाटतात.