'कन्टॅमिनन्ट'ला मराठीत काय म्हणाल?

सावली: वैद्यकीय लेखाचं भाषांतर करतेय, एका जागी अडकले. ईशान्य थायलंडात पावसाळ्यात भातशेतीतून हिंडून आलेला प्रवासी, त्याला मधुमेह, ताप हटत नाही, एक्सरेत डाग दिसतो म्हणून आधी टीबी समजतात. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायची तपासणी) जंतू वाढतो पण लॅब लिहिते 'कन्टॅमिनन्ट', म्हणजे नमुना घेताना बाहेरून शिरलेला. निघतो मेलिऑइडोसिस, माती-पाण्यातल्या जिवाणूने होणारा गंभीर संसर्ग! संपादक 'दूषक' म्हणतात, मला त्याने सांडपाणीच आठवतं.

टिपकागद: 'उपरा जंतू' लिहा ना. उपरा म्हणून बाजूला सारला तोच खरा रोगकारक, सगळी गोष्ट त्यात येते.

दक्षिणवारा: जंतू नको, जिवाणू. जंतू म्हणजे जन्मलेला कुठलाही जीव, पोटातले जंतही त्यातलेच. शास्त्रीय लेखात इतकं ढिसाळ चालत नाही.

काचपट्टी: लॅबमध्ये काम करते. आम्ही 'कन्टॅमिनेशन आलंय' असंच बोलतो, पण सावलीताई, घोळ का होतो तेही लेखात येऊ दे. हा जिवाणू स्यूडोमोनास नावाच्या दुसऱ्या जिवाणूच्या जवळचा, ओळखणारं मशीनही कधीकधी दुसरंच नाव देतं. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर दोन्ही टोकं गडद, सेफ्टी पिनसारखा. जेंटामायसिन, कोलिस्टिन या अँटिबायोटिक्सना दाद देत नाही आणि को-अमॉक्सिक्लॅव्हला मात्र बधतो, हे एकत्र दिसलं की कान टवकारायचे. आणि फॉर्मवर प्रवास लिहिलेला हवाच हवा, नाहीतर जिवाणू वाढवलेली प्लेट उघड्या टेबलावर हाताळली जाते आणि धोका आम्हाला.

रानपाखरू: ग्रीकमध्ये मेली म्हणजे मध, या रोगाचं नाव त्यावरून असणार, मधुमेह आहेच की!

दक्षिणवारा: नाही हो. मेलिस म्हणजे गाढवांचा एक रोग, त्याच्यासारखा तो मेलिऑइडोसिस. मधाचा काही संबंध नाही.

रानपाखरू: मग व्हिटमोरचा रोग म्हणा, सोपं पडेल.

टिपकागद: मग कृष्णस्वामींचं नाव का गाळायचं? रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोघा डॉक्टरांनी मिळून या रोगाचं वर्णन केलं, १९१२ साली छापून आलं. एकट्या साहेबाचं नाव मराठीत तरी नको.

काचपट्टी: अजून एक, 'लेटन्ट'ला, म्हणजे शरीरात लक्षणांशिवाय राहिलेल्या संसर्गाला, 'सुप्त' लिहू नका प्लीज, 'दबा धरून बसलेला' लिहा. संसर्गानंतर ६२ वर्षांनी आजार उफाळल्याची नोंद आहे, म्हणून प्रवास जुना असला तरी विचारायचा. उपचारही लांबतात, आधी शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, मग साधारण ३ महिने गोळ्या.

दक्षिणवारा: दबा वाघ धरतो. जिवाणूला हेतू नसतो, 'सुप्त'च बरोबर.

टिपकागद: ताप चढतो, खोकला लागतो, दुखणं बळावतं, यांना कुठे हेतू असतो? भाषा अशीच बोलते. आणि सुप्त म्हणजे तरी झोपलेलाच ना, मग जिवाणूला झोप लागते हे कसं चालतं तुम्हाला?